खाणीवर गेलेली आजी कशी शोधायची: खान्देशातून माग काढण्याची रीत

खान्देशात कोळशाची खाण नाही, मँगनीजचीही नाही. त्यामुळे घरातली कुणी बाई खाणीवर गेली होती असं कळलं की आपली माणसं एकतर नागपूरची गाडी पकडतात, नाहीतर मोबाइलवर आडनाव टाकून बसतात, आणि दोन्हीकडून हात हलवत परत येतात. मीही आले आहे. माझ्या आजीच्या थोरल्या बहिणीसाठी मी नागपुरात दोन दिवस जुने कागद चाळले, आजीच्या माहेरच्या आडनावाने. त्या आडनावाने ती तिथे कधी नव्हतीच. पहिला नवरा वारला, पाट लागला आणि खाणीवर ती पोचली दुसऱ्या सासरच्या आडनावाने. गावातल्या एका म्हातारीला आधी विचारलं असतं तर चहा निवायच्या आत कळलं असतं.

क्रम असा ठेवा: आधी घर, मग गाव, मग तालुका आणि सगळ्यात शेवटी खाण. उलट्या टोकाने सुरुवात केली की पैसे जातात, आणि कागद समोर असूनही ओळखू येत नाही.

तयारी

एक लांब वही घ्या आणि पेन्सिली घ्या. जुन्या कागदांच्या दालनात शाईचं पेन बहुधा बाहेरच ठेवायला लावतात. फोनमध्ये बोलणं रेकॉर्ड करायची सोय आहे का, जागा किती शिल्लक आहे, हे घरून निघतानाच बघा.

मग वंशावळ. जात पडताळणीसाठी केलेली वंशावळ बहुतेक घरांत असते. ती कामाची आहे, पण तिच्यात पणजोबा, आजोबा, चुलते असे पुरुषच असतात आणि मुली गाळलेल्या असतात. ती समोर ठेवून नवी काढा. प्रत्येक भावाशेजारी बहिणींच्या रिकाम्या चौकटी काढा, नाव माहीत नसलं तरी. रिकामी चौकट दिसली की विचारायचं आठवतं.

## १. ‘खाण’ म्हणजे नेमकी कोणती, ते आधी ठरवा

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. आपल्याकडे खदान म्हणजे डबराची किंवा मुरमाची. ‘आजी खदानवर होती’ एवढ्यावरून कोळसा धरून चालू नका. १९७२ च्या दुष्काळात तर गावोगावच्या बायांनी सरकारी कामावर खडी फोडली. त्याला काही घरांत ‘खाणीवरचं काम’ म्हणतात, काहींत ‘सुकडीच्या सालातलं काम’. ही आजी बल्लारपूरला शोधली तर जन्मात सापडायची नाही.

विचारायचे प्रश्न साधे ठेवा:

- तिच्या लुगड्याचं धुण्याचं पाणी कोणत्या रंगाचं निघायचं? काळं निघत असेल तर कोळसा किंवा मँगनीज. राखाडी फुफाटा असेल तर आपला काळा दगड. पांढरट असेल तर चुनखडी.
- टोपली मोठी होती की लहान? मँगनीजचा धोंडा आकाराने लहान पण भलता जड असतो. ‘एवढीशी पाटी, पण मान मोडायची’ असं कुणी म्हणालं तर कान टवकारा.
- ती खाली उतरायची की वरच राहायची? हातात दिवा असायचा का?
- पैसे कोण वाटायचं? मुकादम, ठेकेदार की हाफिसातला बाबू?

माझ्या अनुभवात पहिला प्रश्न सगळ्यांत उपयोगी. खनिजाचं नाव कुणाला आठवत नाही, धुणं मात्र लेकीला आठवतंच.

कोळसा असेल तर नजर चंद्रपूर-वणी पट्ट्याकडे वळवा. यातली वरोऱ्याची जुनी खाण १९०६ मध्ये बंद झाली, म्हणजे त्यानंतर कुणी ‘वरोऱ्याच्या खाणीवर’ गेलं असं सांगत असेल तर गावाचं नाव पुन्हा विचारा. मँगनीज असेल तर रामटेकजवळचं मनसर आणि कांद्री, सावनेर तालुक्यातलं गुमगाव, भंडारा जिल्ह्यातलं चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, बालाघाटकडचं भरवेली आणि उकवा.

पडताळा: रेल्वेचा नकाशा जवळ घ्या. भुसावळहून नागपूरपर्यंत गाडी १८६७ मध्ये सुरू झाली. तापी खोऱ्यातली लाइन सन १९०० च्या आसपास अमळनेर, नंदुरबार सुरतेला जोडून गेली. भुसावळ-बोदवडकडच्या घरातली बाई पूर्वेला गेली असेल, हे पटण्यासारखं आहे. नंदुरबार-दोंडाईचा भागात मजुरीची वाट बहुतेक सुरतेकडे जाते. त्या बाजूच्या घरात ‘खाण’ ऐकू आली तर आधी डबराची समजा, मग पुढे जा.

## २. तिची सगळी नावं एका पानावर आणा

बाईच्या बाबतीत हे काम पुरुषाच्या चौपट असतं. एका पानावर पाच रकाने पाडा: जन्मनाव, सासरी ठेवलेलं नाव, हाक मारायचं नाव, माहेरचं आडनाव आणि गाव, सासरचं आडनाव आणि गाव. दुसरं लग्न असेल तर शेवटचा रकाना पुन्हा.

आपल्याकडची हाक मारायची नावं परक्या कारकुनाला समजत नसत. मूल जगावं म्हणून सुपात घातलं ती सुपडाबाई. धुडकाबाई, झिपाबाई ही नावंही आपल्या घरोघरची. हीच नावं मध्य प्रांतातल्या, म्हणजे तेव्हाच्या नागपूरकडच्या प्रांतातल्या, हिंदी बोलणाऱ्या बाबूने ऐकून लिहिली, पुढे कुणी ती इंग्रजीत उतरवली, की सुपडाची ‘सुभद्रा’ व्हायला वेळ लागत नाही. म्हणून नावाची चार-पाच रूपं आधीच लिहून ठेवा आणि प्रत्येकाने शोधा.

जुन्या कागदात बाईच्या नावापुढे ‘कोम’, ‘भ्र.’, ‘जौजे’ किंवा ‘मर्द’ आणि मग पुरुषाचं नाव दिसलं तर अर्थ एकच: अमक्याची बायको. ‘बिन’ आणि ‘वलद’ पुढे बापाचं नाव येतं. ही खूण नीट वाचली नाही तर नवरा बाप होऊन बसतो आणि पुढची सगळी वंशावळ वाकडी जाते. हिंदी कागदात ‘मुसम्मात’ म्हणजे फक्त ‘बाई’. ते नाव समजू नका.

थांबा: जन्मनाव आणि माहेरचं गाव या दोन गोष्टी मिळाल्याशिवाय तिसऱ्या टप्प्याच्या पुढे जाऊ नका.

## ३. बोलायला कधी आणि कुणाकडे जायचं

दिवाळीत जाऊ नका, कुणाला फुरसत नसते. दोन वेळा चांगल्या. एक आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, कारण तेव्हा सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात आणि झोक्याजवळ बसलेल्या बायांना बोलतं करावं लागत नाही. दुसरी श्रावणातला कानबाई या देवीचा सण. रोटांसाठी, म्हणजे तिच्या नैवेद्यासाठी, सुरत, नाशिक, पुणे कुठे कुठे पांगलेली भाऊबंदकी एका घरात येते, त्यामुळे तीन पिढ्या एकाच ओसरीवर सापडतात. फक्त रोटांच्या दिवशी वही काढू नका. दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे आडवारले की काढा.

पुरुषांना आधी विचारलं तर ‘आमच्या घरातल्या बाया कामाला जात नव्हत्या’ हे उत्तर ठरलेलं. त्यांच्याशी वाद घालू नका. नणंद, भावजय, शेजारीण यांच्याकडे वळा. सगळ्यात जास्त माहिती बहुधा धाकट्या जावेकडे असते. तिने सगळं पाहिलेलं असतं आणि तिला कुणी कधी विचारलेलं नसतं.

प्रश्न अहिराणीत विचारा, येत नसेल तर येणाऱ्याला सोबत न्या. ‘आजी कोणत्या वर्षी गेल्या?’ याला उत्तर येत नाही. ‘तुम्हनी माय खदानवर गयी व्हती, तवय तू केवढी व्हती?’ याला येतं. साल तर कधीच विचारू नका. त्याऐवजी मानमोडीची साथ (१९१८), गांधीजी गेले ते साल, बहात्तरचा दुष्काळ, अशा खुणांच्या आधी की नंतर एवढंच विचारा. अगदी जुन्या आठवणीत ‘छप्पनचा काळ’ आला तर तो संवत् १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९००. त्याला १९५६ समजणारे मी पाहिलेत.

उठता उठता घरातली ट्रंक उघडायला सांगा. पितळी बिल्ला, हजेरीचं कार्ड, भविष्यनिधीची पावती, अंगठा लावलेला कुठलाही छापील कागद, जे निघेल त्याचा पुढून मागून फोटो घ्या. पाठीमागच्या बाजूला नंबर असतो आणि तोच लोक सोडतात.

थांबा: पाट, काडीमोड, पळून जाणं, मुकादमाशी जोडलेली कुजबुज हे सगळं निघतं. चारचौघांत विचारू नका आणि निघालं तर त्या बाईच्या लेकराला विचारल्याशिवाय कुठे छापू नका. रेकॉर्डिंग सुरू करायच्या आधी सांगा, आणि ‘हे बंद कर’ म्हटलं की बंद करा.

## ४. गावातले कागद

याच टप्प्यावर लोक कंटाळतात, आणि माझ्या मते खरं घबाड इथेच आहे.

फेरफार आणि वारस. माहेरच्या घराला एक गुंठाही जमीन असेल तर तिथून सुरू करा. तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही आणि ६-क म्हणजे वारसांची नोंदवही मागा. बाप वारल्यावरच्या नोंदीत वारस लिहिलेले असतात. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा, त्यामुळे त्यानंतर बाप वारला असेल तर मुलींची नावं यायला हवीत. त्याआधीच्या नोंदीत मुलगी दिसली नाही म्हणून ती नव्हती असं धरू नका.

हक्कसोडपत्र. भावांनी बहिणीकडून सही किंवा अंगठा घेतलेला हा कागद. त्याबद्दल बहिणीच्या मनात काय होतं ते सोडा, शोधणाऱ्याला यासारखा कागद नाही. एकाच ओळीत तिचं नाव, नवऱ्याचं नाव, वय, धंदा आणि ‘हल्ली राहणार’ असतं. मी जे पाहिलं त्यात धंद्यापुढे ‘मजुरी’ आणि हल्ली राहणारपुढे रामटेक तालुक्यातलं गाव होतं. नागपुरातले दोन दिवस वाया गेले, आणि उत्तर माहेरच्या तालुक्यातच दुय्यम निबंधकाच्या कपाटात पडून होतं. फेरफाराच्या शेऱ्यात दस्ताचा नंबर आणि साल असतं. ते घेऊनच दुय्यम निबंधकाकडे जा, नाहीतर शोध लांबतो.

कोतवाल बुक. जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, गाव नमुना १४. तहसीलला मिळते. जुनी पानं मोडीत असतात. कुणबी नोंदींच्या शोधमोहिमेमुळे २०२३ पासून बऱ्याच ठिकाणी ती पानं बाहेर निघाली, मोडी वाचणारेही ठाऊक झाले. मात्र पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे विसरू नका. मुलाची नोंद सासरच्या गावात नाही म्हणून लोक हताश होतात. ती आजोळच्या वहीत असते.

शाळा. बाई शाळेत गेली नसेल, तिची मुलं गेली असतील. जिल्हा परिषदेच्या शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा काढा. त्यात ‘शाळा सोडण्याचे कारण’ हा रकाना असतो. ‘आईबाप परगावी गेल्याने’ असं तारखेसकट लिहिलेलं सापडलं तर ती कुटुंबाच्या निघण्याची जवळपास नेमकी तारीख समजा.

पडताळा: प्रत्येक नक्कल मिळाल्यावर तिच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहा: कुठून मिळाली, वहीचं साल, पान. सहा महिन्यांनी आठवत नाही.

## ५. जिल्हा आणि प्रांत चुकवू नका

१९०६ पर्यंत खान्देश हा एकच जिल्हा. त्या साली पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले. आजचा जळगाव म्हणजे पूर्व खानदेश, धुळे म्हणजे पश्चिम. नंदुरबार १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला, त्यामुळे तिथले जुने कागद धुळ्याच्या नावाखाली मागा.

याहून मोठा घोळ प्रांताचा. खान्देश मुंबई इलाख्यात होता. नागपूर, भंडारा, चंद्रपूर मध्य प्रांतात, आणि मधला वऱ्हाड १९०३ पासून मध्य प्रांताच्या कारभाराला जोडलेला. म्हणजे बोदवडची लेक मलकापूरला दिली तरी ती कागदोपत्री दुसऱ्या प्रांतात गेली. त्या बाजूचे जुने सरकारी कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात शोधू नका, नागपूरच्या कार्यालयात विचारा. बालाघाट आणि छिंदवाडा तर आज मध्य प्रदेशात आहेत.

जनगणनेकडून फार अपेक्षा ठेवू नका. जुन्या अहवालांत कोणत्या जिल्ह्यात जन्मलेले किती लोक कुठे मोजले गेले याचे तक्ते आहेत आणि स्त्री-पुरुष वेगळे आहेत. लोक कोणत्या दिशेला जात होते ते कळतं, व्यक्तीचं नाव मात्र मिळत नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याने घरोघरच्या नोंदी गुप्त आहेत. ‘जनगणनेतून आजी काढून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

## ६. आता खाणीकडे

इथवर तुमच्याकडे नाव, नवऱ्याचं नाव, खाणीचा पट्टा आणि दहा-वीस वर्षांचा काळ असायला हवा. यातलं एक जरी नसेल तर मागे फिरा.

आधी कायद्याच्या तारखांशी ताडून बघा. जमिनीखाली बायांना काम करू द्यायचं नाही, असा नियम १९२९ मध्ये आला. मध्य प्रांतातल्या कोळसा खाणींसह काही ठिकाणी मात्र संख्या दरवर्षी कमी करत न्यायची मुभा होती. ती १९३७ मध्ये संपली. युद्धात कोळसा कमी पडू लागला तसा १९४३ मध्ये नियम सैल केला आणि १ फेब्रुवारी १९४६ पासून पुन्हा लावला. १९५२ च्या खाण कायद्याने ती बंदी पक्की केली, ती २०१९ मध्ये सैल झाली. म्हणजे ‘माझी आजी १९४४ मध्ये खाली उतरायची’ हे पटतं. ‘१९५८ मध्ये उतरायची’ म्हटलं तर साल चुकलं असेल किंवा ती वर भरणी करत असेल. ही बंदी जमिनीखालच्या कामापुरती होती. मँगनीजच्या उघड्या खाणीत धोंडे फोडणं, निवडणं, वाहणं बाया करतच राहिल्या.

शब्द ओळखा. मध्य प्रांतातल्या कागदात मजूर बाई म्हणजे ‘रेजा’. बंगाल-बिहारच्या कोळसा पट्ट्यात ‘कामिन’. ‘मजूर’ हा एकच शब्द शोधलात तर निम्म्या बाया सुटतात.

कोणता कागद कशासाठी:

१९५२ च्या कायद्याखाली प्रत्येक खाणीत कामगारांची नोंदवही ठेवावी लागे. तिला सगळे ‘फॉर्म बी’ म्हणतात. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, कामाचा प्रकार, लागल्याची तारीख असं त्यात असतं. कोळशाच्या खाणी १९७१ ते १९७३ मध्ये सरकारकडे आल्या. चंद्रपूर-वणी पट्टा वेस्टर्न कोलफील्ड्सकडे, मुख्यालय नागपूर. मँगनीजच्या सरकारी खाणी मॉइल या सरकारी कंपनीकडे, तेही नागपूरलाच.

कोळसा खाणींचा भविष्यनिधी १९४८ च्या कायद्याचा. त्याचं मुख्य कार्यालय धनबादला, विभागीय कार्यालय नागपूरला. ट्रंकेतल्या पावतीवरचा नंबर इथे लागतो. त्याआधीच्या बाईसाठी या वाटेला जाऊच नका.

अपघात झाला असेल तर खाणींच्या मुख्य निरीक्षकांचे वार्षिक अहवाल बघा. त्यांत बाया किती, खाली किती, वर किती हे आकडे असतात आणि प्राणघातक अपघातांची टिपणंही. भरपाईचा कायदा १९२३ चा. भरपाईसाठी वारस शोधताना माहेरच्या पत्त्यावर पत्र आलेलं असू शकतं, ते घरातच शोधा.

मोठी अडचण अशी की बऱ्याच बाया ठेकेदाराच्या हाताखाली होत्या. त्यांची नावं कंपनीच्या वहीत नसून ठेकेदाराच्या वहीत असत, आणि ती वही ठेकेदाराबरोबर गेली. कंपनीने ‘नोंद नाही’ कळवलं म्हणजे बाई तिथे नव्हती असं होत नाही. अशा वेळी त्या काळची खाणीवरची परिस्थिती कामगारांची स्थिती तपासणाऱ्या व्हिटली आयोगाच्या (१९२९-३१) साक्षीपुराव्यात आणि तशाच रेगे समितीच्या (१९४४-४६) अहवालांत वाचा. तिचं नाव मिळणार नाही, पण तिची मजुरी आणि तिची खोली कशी होती ते कळेल.

आणखी एक गफलत. कोळसा खाणींत पुढे बायांना स्वेच्छानिवृत्ती देऊन त्यांच्या जागी मुलाला लावून घेण्याच्या योजना आल्या. घरात आज सगळे म्हणतात ‘नोकरी बाबांची’. बाबांच्या नेमणुकीच्या कागदावर कुणाच्या बदली घेतलं, ते वाचा.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज. सरकारी कंपनीला दहा रुपयांत अर्ज करता येतो. लोक लिहितात, ‘माझ्या आजीची सर्व माहिती द्यावी’ आणि नकार घेतात. असा लिहा: ‘अमुक खाण, अमुक ते अमुक साल, फॉर्म बी नोंदवहीत अमुक नाव, पतीचे नाव अमुक, या नोंदीची प्रत.’ सोबत तिचा मृत्यूचा दाखला आणि तुमचं नातं दाखवणारा कागद जोडा. एका अर्जात एकच खाण.

## ७. समुद्रापलीकडे गेली असं कुणी म्हणालं तर

‘आफ्रिकेत सोन्याच्या खाणीवर’ ही कथा काही घरांत ऐकू येते. पटकन विश्वास ठेवू नका. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताकडे मजुरांची जहाजं १८६० ते १९११ या काळात मद्रास आणि कलकत्त्याहून सुटली. तिथल्या कोळसा खाणींवर हिंदी मजूर होते आणि १९१३ च्या संपात शेजारच्या ट्रान्सवालहून नाताळमधल्या न्यूकॅसलला गेलेल्या बायांनीच त्यांना काम बंद करायला लावलं. त्या यादीत खान्देशी नाव शोधणं म्हणजे चाळणीत पाणी. मुंबई बंदरातून मॉरिशसला माणसं गेली. पण ती उसाच्या मळ्यांवर गेली, खाणीवर नाही. घरात जहाजाचं नाव, नंबर किंवा ‘मॉरिशस’ हा शब्द असेल तरच तिथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटला लिहा. करारबद्ध मजुरांच्या नोंदी तिथे आहेत. १९१७ मध्ये ही भरती थांबली, त्यामुळे त्यानंतरची कथा असेल तर हा टप्पा सोडूनच द्या.

## ८. हीच ती बाई, हे कसं ठरवायचं

नाव जुळलं म्हणून उड्या मारू नका. माझा नियम असा: नवऱ्याचं नाव, माहेर किंवा सासरचं गाव, आणि तिसरी एखादी गोष्ट (मुलाचं नाव, दुसरं लग्न, निघाल्याचं साल) अशा तीन गोष्टी दोन वेगवेगळ्या कागदांत जुळल्या तरच ‘हो’ लिहायचं. दोनच जुळल्या तर पेन्सिलीने ‘बहुतेक’. वय यात मोजायचं नाही. हजेरी बाबू चेहरा बघून वय टाकायचे. आजीच्या बहिणीचं वय तीन कागदांत मिळून नऊ वर्षांत फक्त चार वर्षांनी वाढलं आहे.

सांगितलेली गोष्ट आणि कागद जुळत नसतील तर दोन्ही लिहा, कोण सांगतं ते धरून. एकाला खोडू नका.

नव्या वंशावळीत तिची चौकट भरताना माहेरच्या आडनावाने भरा आणि दोन सासरं असतील तर दोन रेघा ओढा, खाली गावांची नावं लिहून. एक प्रत माहेरी द्या, एक तिच्या लेकीच्या घरी. पुढच्या आखाजीला ती प्रत घेऊन पुन्हा जा. कागद हातात पडला की कुणीतरी ‘हे चूक लिहिलंय’ म्हणतंच, आणि पुढचा धागा तिथून मिळतो.